पेशीवाल्या बाई

आमच्या बाई माणसांना अरे-तुरे करत आणि पेशींना अहो-जाहो. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, त्याच दिवशी त्यांनी इन्क्युबेटरचं दार हळूच उघडून आतल्या फ्लास्कमधल्या पेशींना विचारलं, "काय हो, झोप झाली का? आता जेवायला वाढते हं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ए, दार धर. बावळटासारखी उभी काय राहिलीस?"

"हे आपले जावई," त्या सांगत. "खोली ऊबदार लागते, खाणं वेळेवर लागतं, आणि रुसले की कारण सांगत नाहीत." या जावयांच्या पोटी आम्ही एक अँटीबॉडी तयार करत होतो. रक्तातल्या ठरावीक पेशींना हुडकून चिकटायचं आणि त्यांचा निकाल लावायचा, एवढंच तिचं काम. रक्ताच्या एका कॅन्सरवर ती चाले आणि संधिवातावरही. परदेशात हे औषध होतं, पण आपल्याकडच्या साध्या माणसाला परवडणारं नव्हतं. तेच इथे स्वस्तात करायचं, हा बाईंचा हट्ट.

जावयांना रविवारची सुट्टी नसे, म्हणून बाईंनाही नसे. भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्या पैठणीवर लॅबकोट चढवून हजर झाल्या. मी म्हटलं, "बाई, जेवून तरी यायचं." त्या म्हणाल्या, "तिथे चारशे माणसं आहेत वाढायला. इथे कोण आहे?"

नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत दारावर 'डॉक्टर' वाचून लोक लिफ्टमध्येच पँट वर करून गुडघे दाखवत. "मी त्यातली डॉक्टर नाही," असं म्हणत म्हणत बाई चष्मा लावून गुडघा नीट बघत आणि खऱ्या डॉक्टरकडे पिटाळत.

एका वर्षी मात्र आमच्यावर मोठं संकट आलं. कंपनीच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की ही बॅच तपासणीत उतरली तरच औषध रुग्णांवरच्या चाचणीला जाईल, नाहीतर प्रकल्प बंद. आणि नेमके फ्लास्क गढूळ झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळीकडे यीस्ट. बाईंनी चौकशी सुरू केली. कोण पाव खाऊन आलं, कोणी केक कापला, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी प्रत्येकाच्या बोटांचे ठसे जंतू वाढवायचा खाऊ पसरलेल्या काचेच्या बशांवर घेतले आणि बशा उबेला ठेवल्या. एकीला वगळणं बरं दिसेना म्हणून स्वतःचेही घेतले.

दोन दिवसांनी आमच्या बशा स्वच्छ निघाल्या. बाईंच्या बशीवर मात्र यीस्टचे पांढरे ठिपके फुलले होते.

"आंबोळ्या," बाई पुटपुटल्या. "रोज सकाळी आंबवलेलं पीठ हाताने फेटते मी."

तासाभरात पेशी वाढवायच्या खोलीच्या, कल्चर रूमच्या, दारावर कागद लागला. बाईंना पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद. खाली सही बाईंचीच. गोठवून ठेवलेल्या जुन्या पेशींपासून आम्ही नवी बॅच सुरू केली आणि बाई काचेबाहेर उभ्या राहून हातवारे करत राहिल्या. आम्हाला अर्धे कळत नसत. एकदा त्यांनी 'थेंब थेंब घाल' अशी खूण केली, ती माझ्या सहकाऱ्याला 'चहा घे' अशी वाटली आणि तो सरळ कँटीनला गेला.

बॅच उतरली. चाचण्यांमध्ये काही वर्षं गेली आणि औषध बाजारात आलं. तोवर बाईंची बोटं सकाळी आखडायला लागली होती. बाटलीचं झाकण उघडेना तेव्हा त्यांनी आधी झाकण करणाऱ्या कंपनीला नावं ठेवली. संधिवात निघाला. नेहमीच्या गोळ्या पुरेनात तेव्हा डॉक्टरांनी आमचंच औषध लिहून दिलं. त्यांची मुलगी पुण्याला, म्हणून रुग्णालयात सोबत मी गेले.

वॉर्डात शेजारच्या खुर्चीवर दिवाळे गावच्या, मासे विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. हाताला सलाईन लावलेलं, बाटली आमच्याच औषधाची.

"तुमालाबी रगताचा कॅन्सर हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, माझे सांधे."

"मंग दवा येकच कसा?"

बाई सावरून बसल्या. "रक्तात काही पेशी असतात, राखणदार. तुमच्याकडे त्यांची संख्या बेसुमार वाढली. माझ्याकडे ते घरच्यांनाच मारायला लागले. हे औषध दोन्हीकडच्या राखणदारांना हाकलतं."

मावशींना ते पटलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बनवला कोनी ह्यो?"

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. "आहेत काही खुळी माणसं, तुर्भ्याला."

"वलखीची हायत?"

"थोडीफार."

"त्यांना सांगा, दिवाल्याच्या बाईनं आशीर्वाद दिलाय. त्यांचं हात कंदी दुखू नयेत."

बाईंनी सुजलेली बोटं पदराखाली घेतली.

"सांगते," त्या म्हणाल्या.