सासूबाई फिरायला निघाल्या

मंडळी, आज सकाळी आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात मला फार बरं वाटलं.

सासूबाईंची शुगर काठावर आहे. शुगरमुळंच त्यांच्या बहिणीचा पाय काढावा लागला, म्हणून त्या धास्तावल्यात. डॉक्टरांनी गोड चहा बंद करून रोज चालायला सांगितलं. पण काम नसताना रस्त्यानं फिरायची त्यांना लाज वाटायची.

आज मी हाताला धरूनच नेलं. वाटेत शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघालात?"

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. तर म्हणाल्या, "कुठंच न्हाई. शुगर वाढू नये म्हणून चालतीया. तुम्हीबी चला की!"

काकू खरंच चपला घालून आल्या. दोघी गप्पा मारत पार उसापर्यंत गेल्या, मीच मागं पडले.

तुमच्या घरातल्या बायका स्वतःसाठी कधी चालतात?