अक्काचा विस्तव

आधीच सांगतो — भूत, करणी, दृष्ट, यातलं काहीही मी मानत नाही. राजारामपुरीत क्लासमध्ये बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. या ग्रुपवरचे अनुभव वाचायचो ते जेवताना, करमणूक म्हणून. स्वतः लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं... पण घरात हा विषय काढता येत नाही. दाजी आता आमच्याकडेच राहतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते अग्निहोत्री होते. हल्ली हा शब्द आडनाव म्हणूनच कानावर येतो, म्हणून थोडं सांगतो. लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी मिळून अग्नी घेतला. म्हणजे सकाळ-संध्याकाळ, सूर्याच्या वेळेला, अग्नीत दुधाची आहुती. एक दिवस सुट्टी नाही. दोघांनी मिळून परगावी मुक्काम करायचा नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये धुराच्या तक्रारी व्हायला लागल्या तसे ते गडमुडशिंगीला गेले. घरामागे कौलारू खोली बांधली, ती अग्निशाळा. त्यात तीन कुंडं. त्यातलं गोल कुंड कधीच विझू द्यायचं नाही. बाकीचे दोन अग्नी वेळेला त्यातूनच काढायचे.

दाजी मंत्र म्हणायचे, पण विस्तव राखायची ती अक्का. पाहुणे आले, ताप आला, तरी तिचे कान त्या खोलीकडेच. मूलबाळ नव्हतं. मी एकदा चिडवलं होतं, "अक्का, सून आणलीस तर तीही पळून जाईल या धुराला." ती हसून म्हणाली होती, "अरे, आमच्यातलं जे आधी जाईल ते हाच अग्नी घेऊन जाणार. मागं राहील त्याचा विस्तव संपला. मग कुठली सून नि कुठलं काय."

म्हणजे नियमच तसा आहे. जोडप्यातलं एक गेलं की त्याच अग्नीनं त्याचं दहन करायचं. मागे राहिलेल्याचं अग्निहोत्र तिथंच संपलं.

अक्काचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्या क्लासपासून जवळच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. दाजी सकाळची आहुती देऊन बसनं यायचे आणि ऊन उतरायच्या आत परत निघायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा खोलीच्या दारातच अडवलं.

"दाजी, एक संध्याकाळ थांबा की. ती काय उद्या असणार आहे का?"

खोलीतून अक्काचाच आवाज आला, "त्यांना जाऊ दे रे. मला त्याच विस्तवातनं जायचंय. तेवढंच मागितलंय मी."

ती गेली भर दुपारी. दाजी उशाशी होते. तिचा हात त्यांच्या हातात होता. नर्स नळ्या काढत असतानाच माझा फोन वाजला. शालनवहिनी, दाजींच्या शेजारीण. दाजी गावात नसले की त्या अग्निशाळेच्या उंबऱ्याबाहेर बसून विस्तवावर लक्ष ठेवायच्या. आत जायच्या नाहीत.

"भावजी, इस्तू गेला वो! माझ्या डोळ्यादेखत गेला की! चांगला लाल हुता, आन एकदम काळा पडला... अक्का बऱ्या हायत न्हवं?"

"तिला घरी घेऊन येतोय," मी म्हणालो. त्याच समजल्या.

अक्काला घेऊन आम्ही घरी पोचलो तेव्हा मी सगळ्यात आधी अग्निशाळेत गेलो. कुंडात हात घातला. राख गार. जणू महिनाभर तिथं काही पेटलंच नव्हतं. सकाळी दाजींनी रचलेल्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या, जशाच्या तशा. एकीची कडसुद्धा काळी नाही. शेणीचा विस्तव असा जात नाही हो! राखेखाली तासन् तास धुमसत राहतो. हे मला कुणी शिकवायला नको.

मग मंथन. म्हणजे लाकडावर लाकूड घासून अग्नी पुन्हा काढायचा; तो पहिलाच धरतात. एकानं वरचं लाकूड दाबून धरायचं, दुसऱ्यानं त्याला गुंडाळलेली दोरी घुसळायची. दोरी ओढायचं काम बायकोचं. ती तर अंगणात चटईवर. दोरी मी धरली.

किती वेळ ओढली, सांगता येणार नाही. धूर यायचा. काळा भुगा पडायचा. दाजी कापूस पुढे करायचे, फुंकर घालायचे... आणि काही नाही. माझे तळवे सोलले. शालनवहिनींचे मालक, शामरावदादा, दोनदा आत डोकावून गेले. तिसऱ्यांदा दारातच थांबले.

"काका, राग मानू नका. पर बाईला किती वेळ ठेवायचं असं? दिवस कलला की."

दाजींनी लाकूड खाली ठेवलं. "आण काडेपेटी," मला म्हणाले.

सगळ्यांना देतात तसाच तिला अग्नी दिला. परतताना दाजी एवढंच बोलले, "तेवढंच मागितलं होतं तिनं."

यानंतरचं मी आजवर कुणाला आमचं म्हणून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून, त्या पंचगंगेत सोडून आम्ही घरी आलो. सकाळची उन्हं होती. अग्निशाळेला कुलूप, किल्ली दाजींच्या जानव्याला. आणि कौलांतून धूर. मला वाटलं, आग लागली. दाजींनी दार उघडलं. गोल कुंडात लालभडक निखारे. धग चेहऱ्याला लागत होती. मी मोबाईलनं फोटो काढला, नंतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही म्हणून. तो फोटो आहे. त्यात निखारे दिसतात.

मी वेड्यासारखा ओरडलो, "दाजी, आला की परत!"

ते उंबऱ्यावर बसले. "आता? आता कुणासाठी रे?"

दाजींच्या ओळखीतल्या एका जाणत्या गुरुजींना मी फोन लावला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अस्थी आहेत का? असतील तर त्या या अग्नीला देता येतील."

"आत्ताच सोडून आलो..."

ते म्हणाले, "मग पळसाच्या देठांची माणसाची आकृती करा. तीच ती, असं समजून दहन करायचं. शास्त्राला चालतं. पण दिवस असेतोवर करा."

शामरावदादा म्हणाले, "गारगोटीच्या वाटंला पळस हाय. चला, माझी गाडी घ्या." आम्ही पोत्यानं पानं आणली. परत आलो तेव्हा दाजी तिथंच, उंबऱ्यावर, विस्तवाकडे बघत. पाणीसुद्धा प्यायले नव्हते. विस्तव अजून फुललेलाच होता, कुणी काही न घालता.

मग ते उठले, अंगणात बसले आणि देठं बांधायला लागले. त्यांच्या जागी शालनवहिनी बसल्या. दाजींनी डोकं बांधलं, हात बांधले, पाय बांधले. हळूहळू, जपून, जणू तिला दुखेल. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. शेवटी त्यावर अक्काची जुनी साडी पांघरली. डोक्याखाली हात घालून, लहान मुलाला उचलावं तसं ते उचललं.

"वहिनी, आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. समोर तर हाय—" त्या बोलता बोलता थांबल्या.

दाजी आत गेले. मी मागोमाग. कुंड काळं होतं. राख गार. आणि शेण्या... परत जशाच्या तशा. अख्ख्या. मग इतका वेळ जळत काय होतं?

शालनवहिनी तोंडात पदर कोंबून रडत होत्या. "म्या पापणी बी हालवली न्हाय वो भावजी..."

दाजी ती आकृती छातीशी धरून उभे राहिले. मी मंथनाच्या दोरीला हात घातला तर त्यांनी मानेनंच 'नको' म्हटलं.

ते घर बंद आहे, ती आकृतीही आतच आहे. दोन भौतिकशास्त्रवाल्या मित्रांना नावगाव न सांगता विचारून बघितलं. एक म्हणाला राखेखाली ठिणगी राहिली असेल. मग शेण्या अख्ख्या कशा? दुसरा म्हणाला, शोकात माणसाला भास होतात. मग फोटोचं काय, आणि शालनवहिनींनी फोन केला तेव्हा तर त्यांना काही कळलेलंही नव्हतं. खरं सांगायचं तर आता उत्तर शोधायची ताकद नाही.

दाजी आमच्या बाल्कनीत बसून असतात. बोलत नाहीत, फारसं जेवत नाहीत. फक्त ऊन उतरलं की माझ्याकडे वळून विचारतात, "नीट पोचली का रे ती?"

"पोचली, दाजी," मी म्हणतो.

ते मान हलवतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात.