फोटोवाल्या बाईंची सही

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या डोळ्यामागची गाठ काढायची होती.

"आजी, तुम्हाला कवळी आहे?"

"नाही," ताई ठामपणे म्हणाली. हे गुपित तिच्या नवऱ्यालाही उशिराच कळलं होतं.

"सीटीत दिसतेय. एमआरआयमध्ये नाही."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. "एमआरआयवाला म्हणाला, तोंडात तार असेल तर काढा. काढली. सीटीच्या खोलीत चार पुरुष उभे होते. तिथं कोण काढणार?"

वॉर्डात सगळे त्यांना फोटोवाल्या बाई म्हणत. सीटीत हाडं नीट दिसतात, एमआरआयमध्ये गाठ आणि नसा. दोन्ही फोटो एकावर एक बसवून सर्जनला नकाशा करून द्यायचा, हे काम त्या चौदा वर्षं करत होत्या. नकाशावर शेवटी त्यांची सही लागे. कवळीमुळे जबडा वेगळा बसला होता आणि तारेनं हाडाची कड पुसट झाली होती. कॉम्प्युटरनं जबडा जुळवला आणि आतला मेंदू चार मिलिमीटर सरकवला.

"चार म्हणजे फार का हो?" मी विचारलं.

"सर, गाठ आणि नजरेची नस यांच्यात दोनच आहेत."

तेवढ्यात सर्जन आले. "कॉम्प्युटर जुळलं म्हणतोय ना?"

"हनुवटीला हनुवटी जुळलीय, साहेब. तुम्हाला हनुवटी कापायची नाहीये."

"उद्याचं थिएटर गेलं तर पुन्हा चार दिवसांनी मिळेल."

"मग चार दिवसांनी करा. सीटी परत काढू या. यावर मी सही करणार नाही."

आवाज चढला नव्हता. माझ्या वर्गात अशा मुली दोन-तीनच झाल्या.

सीटी पुन्हा झाली, कवळीशिवाय. पाचव्या दिवशी गाठ निघाली आणि ताईची नजर शाबूत राहिली. इस्पितळाच्या दर्शनी फलकावर ऑपरेशन करणाऱ्या सात जणांचा हसरा फोटो लागला. त्यात बाई नव्हत्या. त्यांना नोटीस मिळाली होती: थिएटरचा वेळ वाया घालवला.

वाया. मी पस्तीस वर्षं वह्या तपासल्या. चूक दाखवणाऱ्या पोराला बाकावर उभं करायचं, असं कुठल्या शाळेत शिकवतात ते मला ठाऊक नाही. मी अधीक्षकांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक. शिस्त तुम्हाला काय सांगायची?" बरोबर आहे, मला सांगायची गरज नव्हती. ज्यांना होती ते फलकावर हसत होते.

घरी येऊन मी हे सांगितलं तर ताईनं चपला घातल्या. डोक्याला पट्टी होती, तरी रिक्षात बसली. अधीक्षकांच्या खोलीत सर्जन, दोन कारकून आणि शिपाई होते. तिनं सगळ्यांदेखत कवळी काढली आणि टेबलावरच्या फायलींवर ठेवली.

"उशील हिच्यामुळं झाला," ती बोबडं बोलली. "हिला नोटीश द्या."

शिपाई तोंड फिरवून हसला. सर्जन खाली बघत राहिले. एवढा मोठा माणूस, ज्याचे हात त्या बाईंनी चुकीपासून वाचवले, त्याला एक वाक्य जड झालं. अधीक्षकांनी चहा मागवला, आजींचं कौतुक केलं. नोटीस मागे घेतली नाही.

महिन्याभरात नकाशाच्या कागदावरून सहीची चौकटच काढून टाकली. आता कॉम्प्युटर जुळलं म्हणाला की नकाशा थेट थिएटरात जातो. मी आरोग्य खात्याला तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच आली, उत्तर एकाचंही नाही.

बाईंची बदली तळमजल्यावर झाली. त्या सकाळी आठ ते चार छातीचे एक्स-रे काढतात.