तेवीस नंबरचा मिक्सर

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले! पण चहा पाजूनच राहिले, तर ऐका. त्या दिवसापासून आमच्या बूढापारा मोहल्ल्यातून जाताना मी हेल्मेट काढत नाही.

तिथं आमच्या मराठी मंडळाच्या एका खोलीत मी दर रविवारी नवशिक्यांले प्रोग्रॅमिंग शिकवतो. फुकट! खोली दिली मंडळाच्या अध्यक्ष कुमुदकाकूंनी, पण अट घालून. "हळदीकुंकवाले तुमच्या पोट्ट्याइचं काम दाखवा. बायाइले नाही पटलं, तर खोली भजनी मंडळाले."

मी म्हटलं, काकू, यंदा लकी ड्रॉ चिठ्ठ्यांनी नाही, कॉम्प्युटरनं! "यात लबाडीले जागाच नाही!" हे मीच बोललो बरं का, अन् तेही माइकवर.

प्रोग्रॅम लिहिला रियानं. बारावीतली पोट्टी, इकडं हिंदी मुलखातच वाढलेली, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. आदल्या दिवशी मी तो एकदा चालवून पाहिला. चालला. एकदा चालला म्हणजे झालं का, असं पोट्ट्याइवर मीच खेकसतो!

साठ बाया, साठ तिकिटं, बक्षीस मिक्सर. रियानं बटण दाबलं. पडद्यावर तेवीस.

तेवीस कोण? माझी बायको!

टाळ्या झाल्या. बायको समजूतदार. म्हणाली, "सरांच्याच घरी बक्षीस बरं नाही दिसत. पुन्हा काढा." काय कौतुक झालं तिचं!

पुन्हा बटण. तेवीस.

बापा रे! मागून एक बाई म्हणाली, "काहून हो सर, घरचा मिक्सर बिघडला काय?"

"रिया, बंद करून परत चालू कर!"

तिनं केलं. तेवीस!!

बायको लालबुंद. "चारचौघीत मले चोर ठरवून राहिले काय?"

मी रियावर ओरडलो, "काय लिहून ठेवलं तू?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी. "सर, आपने जो सिखाया, वही लिखा! आपने ही बोला था, ऊपरवाली लाइन सबको डालनी है."

वरची ओळ! ती ओळ टाकली की आकडा दरवेळी तोच निघतो. वर्गात सगळ्यांचं उत्तर एकसारखं यावं, मले तपासाले सोपं जावं, म्हणून मीच ती शिकवली होती. ड्रॉसाठी ती काढ, हे सांगायचंच राहिलं!

माइक घेतला. म्हटलं, रियाची चूक नाही, माझी आहे. मग समजवत बसलो, अन् जितकं समजवलं तितका रुतलो.

"म्हणजे," काकूंनी विचारलं, "आकडा आधीच ठरला होता?"

आता याले काय म्हणू? "हव," म्हटलं. जो कल्ला झाला म्हणता!

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मिक्सर पुरानी बस्तीतल्या एका बाईले गेला. मी सगळ्यांसमोर रियाची माफी मागितली अन् खोलीची किल्ली काकूंसमोर ठेवली.

काकूंनी ती परत सरकवली. "राहू द्या. पोट्टी हुशार आहे. पण मास्तरवर नजर ठेवाले कोणी पायजे. मीच येतो शिकाले."

अन् आल्या! पहिल्याच बाकावर. म्हटलं, सोप्यापासून सुरू करू, दोन अधिक दोन. पडद्यावर चार.

"पुन्हा चालवा," काकू म्हणाल्या.

चार.

"अजून एक वेळा."

चार.

काकूंनी चष्मा काढला अन् मागं वळून साऱ्या वर्गाले म्हणाल्या, "पाहिलं ना? अजूनही सुधरले नाही सर!"