चौतीस मुडे

खिंडपाडा ओसाड आहे, असं कागदावर लिहून देणारी बाई मीच. त्यामुळे या गोष्टीत जो राग आहे, त्यातला पहिला वाटा मी उचलते. उरलेला मी वाटणार आहे, आणि कुणाला कमी पडू देणार नाही.

मी ज्युली. राहते नंदाखालला, शिकवते वसई पूर्वेच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गाला. शिकवणं सोडून शिक्षकाला सगळी कामं असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या फेब्रुवारीत घरोघरी माणसं मोजायचं काम आलं आणि माझ्या वाट्याला डोंगरावरचा खिंडपाडा आला. माझा नवरा बेसिल म्हणाला, "चल, तेवढीच सहल होईल." त्याला मी घरीच ठेवला.

खिंडपाडा तुम्हाला माहीत नसणार. एव्हरशाईन सिटीतल्या आठव्या मजल्यावरून पूर्वेला जो डोंगर दिसतो, ज्याच्याकडे तोंड करून लोक सकाळचा चहा पितात, त्याच्या खांद्यावरच्या खिंडीत हा पाडा आहे. घरं त्रेचाळीस. निम्मी कारवीच्या कुडाची, निम्म्यांवर पत्रा. विहीर एक, मार्चपर्यंत पाणी देते. पाड्याच्या खाली पश्चिमेला ओहोळ आहे, तो ओलांडून तासभर उतरलं की खालचं गाव, आणि तिथून रिक्षा. पाड्याच्या मागे डोंगराची धार आहे. दोन हजार चौदाला जिल्हा तुटला तेव्हा नकाशावरची रेघ याच धारेवरून गेली. धारेच्या अलीकडे पालघर, पलीकडे ठाणे. पाड्यातल्या सुनंदाचं माहेर धारेपलीकडे आहे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. ते एका सकाळी परजिल्ह्यात गेलं आणि हे तिला कुणी कळवलंसुद्धा नाही.

ही सुनंदा पाड्यातली अंगणवाडी सेविका. पन्नाशीची, काटक, आणि तोंडाने तिखट असं खालच्या गावात मला आधीच सांगितलं होतं. मी धापा टाकत वर पोचले तेव्हा ती पाच पोरांना खिचडी वाढत होती. पाड्यात माणूस दिसेना. घरांच्या दारांना कुलपं नव्हती, दारात नुसती काटेरी फांदी आडवी लावलेली. सुनंदाचं धरून नऊ घरांत माणसं होती, बहुतेक म्हातारी आणि ही पाच पोरं, ती लिहून घेतली. बावीस झाली. मग मी सुनंदाला घेऊन उरलेल्या घरांपुढून फिरले.

"या घरात कोण राहतं?"

"कोनी नाय."

"आणि इथं?"

"कोनी नाय."

चौतीस घरांपुढे तिने हेच सांगितलं. तिखट तोंडाची म्हणून जिची ख्याती, ती बाई ओठ घट्ट मिटून माझ्याशेजारी चालत होती, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ऊन चढत होतं. मी चौतीस वेळा 'रिकामं' लिहिलं.

नंतर तिच्या घरी कोरा चहा प्यायले. वर आढ्याला पेंढ्याचे मुडे टांगले होते. मुडा म्हणजे भाताचं बियाणं पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून बांधलेला गोल गठ्ठा. एवढे मुडे एका घरात मी कधी पाहिले नव्हते. "हे काय हो इतकं?" मी विचारलं.

"बियानं. लोकांचं."

"छान," मी म्हटलं आणि निघाले. कुठल्या लोकांचं, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. चौथीचं पोरसुद्धा विचारतं.

एप्रिलमध्ये सुनंदा माझ्या शाळेच्या फाटकात उभी राहिली. हातात एक कागद. लोकसंख्या बावीस असल्याने खिंडपाड्याची अंगणवाडी बंद, मुलं ओहोळापलीकडच्या खालच्या गावात जोडली, असं त्यावर होतं. माझ्या वर्गातली पोरं खिडकीला चिकटून बघत होती.

"तू लिवलंस?"

"तुम्हीच सांगितलंत कोणी नाही म्हणून!" मीही आवाज चढवला. "चौतीस वेळा सांगितलंत!"

"मग काय सांगू? भट्टीवर गेल्यात ती. वाटेवरच्या मानसांचा आकडा तोंडातून काढायचा नसतो. काढला तर मानूस कमी येतं. एवढंबी ठाव नाय आन मोजाया आलीस?"

मग तिथेच, वडाच्या पारावर बसून, तिने मला शिकवलं. पाड्यात पावसावरचं एकच पीक. दिवाळी झाली की पोराबाळांसकट घरंच्या घरं धारेपलीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. निघताना प्रत्येक घर आपलं बियाणं सुनंदाच्या घरी ठेवतं. मुड्याच्या दोरीला जितक्या गाठी, तितकी त्या घरातली माणसं गेली. आकडा कुणी उच्चारत नाही. परत आलं की आपल्या हाताने गाठी सोडायच्या आणि मुडा न्यायचा. तेव्हा माझ्या डोक्यावर चौतीस मुडे लोंबत होते, म्हणजे अख्खा पाडा माझ्या डोक्यावर होता, आणि मी त्याखाली बसून चहा प्यायले.

अंगणवाडी तिला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. पूर्वी पाड्यातली पोरं खालच्या गावातच जायची. एका श्रावणात ओहोळ अचानक चढला आणि चार पोरं पलीकडे अडकली. घर समोर दिसतं म्हणून ती पाण्यात पाय घालायला निघाली. सुनंदा अलीकडच्या काठावर उभी राहिली आणि पाणी उतरेपर्यंत, सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत, ओरडून ओरडून त्यांना गाणी म्हणायला लावत राहिली. गाणं चालू असलं की पोर जागचं हलत नाही, हे तिचं शास्त्र. चारही पोरं वाचली. तिचा आवाज त्या दिवशी फाटला तो कायमचा. मग त्या फाटक्या आवाजात तिने आठ महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा पाड्याला अंगणवाडी मिळाली. आणि मी ती एका सकाळीत घालवली होती. पावसाळ्यात एकोणीस पोरं पुन्हा त्या ओहोळाच्या काठावर उभी राहणार होती.

हरकत नोंदवायला आम्ही दोघी कार्यालयात गेलो. सुनंदाने एक मुडा डोक्यावर घेऊन डोंगर उतरून आणला होता, साहेबाला दाखवायला. साहेबाचं नाव हर्षवर्धन. वय तिशीचं, बोलणं गोड, टेबलावर काच. खिंडपाडा त्याने नकाशावर पाहिला होता आणि तेवढ्यावर तो उंटावरून शेळ्या हाकत होता.

"मॅडम, जी माणसं दुसऱ्या जिल्ह्यात आहेत ती तिकडच्या मोजणीत येणार ना?"

मी त्याला सांगितलं की तिकडच्या भट्ट्यांवर मी स्वतः जाऊन आले. तिकडचे मोजणीवाले म्हणाले, ही इथली रहिवासी नाहीत, आम्ही घेत नाही. म्हणजे चौतीस घरांतली माणसं वीट थापतात, ती वीट तुमच्या-माझ्या भिंतीत बसते, आणि ती माणसं मात्र दोन जिल्ह्यांच्या मधल्या रेघेत सांडून जातात. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या वारी झाला हे आमच्या चर्चच्या वहीत सापडतं. इथे जिवंत माणूस सापडत नाही!

"शांत व्हा, मॅडम," तो म्हणाला. शांत व्हा म्हटल्यावर माझं डोकं आणखीच फिरतं, हे बेसिलला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं.

सुनंदाने मुडा टेबलाच्या काचेवर ठेवला. "ही गाठी बघ, साहेब. पाच हायत. रखमीच्या घरची पाच मानसा. आसं चौतीस मुडं हायत माज्या घरात. चल वर, मोज."

त्याने काचेवर पडलेला पेंढा दोन बोटांनी झटकला. "गाठींची नोंद होत नाही, ताई. नावं सांगा, वयं सांगा. आणि शेवटी एकूण संख्या. माहिती देणाऱ्याने स्वतः सांगायची, त्याशिवाय पुढे जात नाही."

नावं सांगायला तिची ना नव्हती. तीन तास ती सांगत होती, मी लिहीत होते. एकदाही अडखळली नाही. कोण कुणाची सून, कुणाचं दूध तुटलंय, कुणाला ऐकू कमी येतं, सगळं. भट्टीवरची एकशेएकेचाळीस नावं झाली. मग तो म्हणाला, "एकूण?"

"मी बेरीज केलीय," मी म्हटलं.

"तुम्ही नाही, मॅडम. त्यांनी सांगायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिथून उठून तिला घेऊन बाहेर पडता आलं असतं. पण मला ओहोळ दिसत होता, आणि मला माझी चूक पुसायची घाई होती. मी म्हटलं, "सांगा, सुनंदाताई. नुसता आकडा आहे."

नुसता आकडा आहे! हे माझे शब्द, माझ्या जिभेचे.

तिने मुड्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "एकशेत्रेसष्ट." साहेबाने शिक्का मारला. अंगणवाडी राहिली. त्याला बहुतेक जेवायला जायचं होतं.

जूनमध्ये माणसं परतली. रखमीचं आठ महिन्यांचं बाळ परतलं नाही. भट्टीवर तापाने गेलं होतं. तिथे डॉक्टर नव्हता, दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती, आणि भट्टीच्या वहीत बाळ नव्हतंच, त्यामुळे गेल्याचीही नोंद नाही. मी तारीख शोधून काढली. सुनंदाने आकडा उच्चारला त्याच्या अकरा दिवस आधी बाळ गेलं होतं. ही तारीख घेऊन मी धावत वर गेले. तीन वेळा सांगितलं तिला.

"तुजी तारीख तुज्याकडं ठेव," ती म्हणाली. "मी बोलली. एक कमी आलं."

पाड्याने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणात ती कुणाला हार गेली नसती. ते नुसते गप्प आले, आपापल्या गाठी सोडल्या आणि मुडे घेऊन गेले. एकोणीस पोरं अंगणवाडीत येत राहिली, खिचडी खात राहिली. सुनंदाने त्यांना गाणी शिकवणं बंद केलं.

मला साहेबाचा राग येतो. भट्टीवाल्याचा येतो. ज्याने डोंगराची धार बघून तिथेच पेन्सिल ओढली त्याचा येतो. त्या धारेवर कुणी राहतं का, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तिघांत चौथी मी. आमच्या कागदाचं पोट भरावं म्हणून आम्ही त्या बाईच्या तोंडून ते वदवून घेतलं, आणि आता आयुष्यभर एका बाळाचा भार ती वाहणार आहे. ते बाळ तिच्यामुळे गेलं नाही, आमच्यामुळे गेलं. पण हे ती ऐकून घेत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि पुन्हा कागद आला. फेरपडताळणी. पुन्हा माणसं भट्टीवर गेल्यावर. या कामाला मुहूर्त काढून देणारा कोण आहे, तो मला एकदा भेटायला हवा.

मी वर गेले. दारांत काटेरी फांद्या होत्या. सुनंदा चुलीपुढे होती. माझ्या हातातला फॉर्म तिने पाहिला आणि पाठ फिरवली.

"मला इचारू नको. वर बघ."

मी वर बघितलं. आढ्याला एकच मुडा होता, चार गाठींचा.

"रखमीचा," ती म्हणाली. "बाकीच्यांनी म्हातारीकोतारीकडं ठेवलं. ही एकटी घेऊन आली."

पोर कुठल्या दिवशी गेलं, हे रखमीला माझ्या कागदापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी फॉर्म पिशवीत घातला. बोलून मी या घरात पुरेसं वाटोळं केलं होतं.

मग मी म्हाताऱ्यांच्या उरलेल्या आठ घरी गेले. कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मान वर करून प्रत्येक मुड्याच्या गाठी मोजल्या, संध्याकाळपर्यंत मान दुखून आली. नावं माझ्याकडे गेल्या खेपेची होतीच. दोन बाळं नवी होती, त्यांच्या आज्यांनी नावं सांगितली, आकडा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. माहिती देणाऱ्याचं नाव या रकान्यात सुनंदाचं नाव आधीच छापून आलं होतं. ते मी खोडलं आणि माझं लिहिलं.

"असं चालत नाही, मॅडम," हर्षवर्धन म्हणाला.

"चालेल. विचारा, एकूण किती?"

त्याने विचारलं. मी उभी राहिले आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. लोक फायलींतून माना वर करून बघायला लागले. बघू देत. येत्या जूनमध्ये खिंडपाड्यात कुणी कमी आलं, तर ते माझ्या तोंडून गेलं. सुनंदाचं नाव कुणी घ्यायचं नाही.