खाणीची माती दादाच्या खाचरात

खाणीवर टिपर चालवायला लागलो तेव्हा माझा रुबाब काय विचारू नका. आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. त्याच्या पोटात बॉक्साईट. त्यापासून ॲल्युमिनियम करतात हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर आमच्या लेखी तो नुसता तांबडा दगड होता, आणि सडा गुरं चारायची जागा.

सुरुवातीला तिथं पहारीनं आणि घणानं काम चालायचं. गावचेच गडी दगड फोडायचे, बायका पाट्या वाहायच्या. मग सुरुंग आले, पोकलेन आलं, आमचे टिपर आले. माल वाढला तसा कचराही वाढला. खाणीचा कचरा म्हणजे बॉक्साईटच्या वरचा निकामी थर, तांबडी खडेरी माती. ती दिसेल त्या कडेवरनं खाली लोटून द्यायची. पावसात ओढा तांबडाभडक व्हायचा. लोकांनी लईच ओरडा केला तेव्हा कुठं ती एका जागी रचायला लागले आणि पायथ्याला दगडी बांध घातला.

तो ढीग बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून शेतात पसरायची आमच्याकडं रीत आहे. नवी माती म्हणजे नवी ताकद, एवढंच डोक्यात बसलेलं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, ओढ्याकाठी भाताचं खाचर होतं. घनसाळ तांदूळ व्हायचा तिथं. शिजायला लागला की चार घरं पलीकडं वास. पोरांच्या शाळेसाठी मी बिऱ्हाड कोल्हापुरात केलेलं, मी मात्र आठवडाभर खाणीवरच्या खोलीत राहायचो. कोल्हापुरात दिवाळीच्या सुमाराला दादाची नव्या तांदळाची पिशवी न चुकता यायची.

दादा म्हणाला, माती खडेरी दिसतीया. पावसात मऊ पडेल, असं मीच त्याला छातीठोकपणे सांगितलं. मुकादमाला विचारून त्याचं अख्खं खाचर भरून दिलं आणि गावभर फुशारकी मारली.

पाऊस लागला. पाणी पडलं की गिलावा, उघडीप पडली की फरशी. रोपं पिवळी पडली आणि वीतभर वाढून तिथंच बसली. पुढच्या साली दादानं शेणखत ओतलं, तरी तेच. गाळात वर्षानुवर्षाचा पालापाचोळा कुजलेला असतो, या मातीत नुसता गंज. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढं कळू नये? डोक्यावरच पडलो होतो मी.

दादा भांडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला. तांदळाची पिशवी बंद झाली. खाणीवरनं खाली घरी गेलो की वहिनी चहा द्यायची, पण जेवून जा असं कुणी म्हणायचं नाही. सख्ख्या भावाला उपाशी लावून देणं काय असतं ते आमचं आम्हालाच ठाऊक. दर उन्हाळ्यात दोघं नवरा-बायको ती माती खोऱ्यानं खरवडून बांधावर टाकायचे. मी मदतीला गेलो तर दादा माझ्या हातातनं खोरं काढून घ्यायचा. खोटं कशाला बोलू, परतताना टिपरमध्ये बसून रडलोय मी.

गेल्या उन्हाळ्यात खाण संपली. आता नियम असा, की तोच कचरा टाकून खड्डा भरायचा, वर चांगली माती पसरायची, झाडं लावायची. मी साहेबाला विचारलं, बांधावरचा ढीगही आणू का? तो हो म्हणाला. टिपर आणि लोडर घेऊन गेलो आणि दिवसभर खेपा केल्या. दादा बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी लोडरला उचलता न येणारी माती राहिली, तेव्हा मी खोरं उचललं. या वेळी त्यानं ते काढून घेतलं नाही. दुसरं खोरं घेऊन तोच शेजारी आला.

टिपर भरला. दादानं हात झटकले.

"तुझी माती तू नेलीस. चल, जेवून जा."

वहिनीनं भात वाढला. रेशनच्या तांदळाचा होता. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "घनसाळ औंदा लावतोय. हुतोय का न्हाय, बघू."

मी मान खाली घातली आणि तिसऱ्यांदा भात मागून घेतला.