बटाट्यांचं चर्च

जर्सी सिटीतल्या आमच्या किचनमध्ये कुजक्या बटाट्याचा वास आला आणि मला मॉस्को आठवलं. तिथे शिकत असताना आम्हा विद्यार्थ्यांना बटाटे निवडायला एका गोदामात न्यायचे. क्रांतीनंतर गोदाम केलेलं जुनं चर्च होतं ते. घुमट दिसला म्हणून मी सवयीने दारातच बूट काढले.

मुकादम हसला. "घाल ते बूट. इथे देव नाही, बटाटे आहेत."

शेजारी एक म्हातारी काम करत होती. तिने एक रिकामं पोतं माझ्या पायांखाली सरकवलं.

हे ऐकून मुलीने फोनवर ते चर्च शोधलं. पुन्हा सोनेरी घुमट, मेणबत्त्या, प्रार्थनेला उभी माणसं. "बाबा, ट्रिप प्लॅन करू या?"

ते पाहून मला काहीच वाटलं नाही; पायांखालचं ते पोतं आठवलं. फोटोत सगळ्यांच्या पायांत बूट होते.